बारावीला गणित सोडलेल्या मुलीला नर्सिंग झेपेल का?

दूधसंकलन_करवीर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

कोल्हापूरजवळ, करवीर तालुक्यातल्या एका गावात राहतो. थोडी शेती, दोन म्हशी आणि गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ संकलनाचं काम. थोरली मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. गणित अकरावीलाच सोडलं, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी ठेवलं. दहावीला बाकी सगळ्या विषयांत बरे मार्क, गणितात मात्र ४३. तो निकाल लागला त्या दिवशी पोरगी परड्यात जाऊन रडत बसली होती, ते अजून डोळ्यांसमोरनं जात नाही.

मागच्या वर्षी माझ्या आईला पंधरा दिवस दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा ही सोबतीला होती. तिथल्या सिस्टरांच्या मागंमागं फिरायची, सलाईन संपत आलं की तीच हाक मारायची. तिथनं नर्सिंगचं मनात बसलं. सीईटीपण दिली. घरात सगळे राजी. परवा तिचा मामा आला आणि म्हणाला, "नर्सिंगात डोस काढायला गणित लागतंय. एक शून्य चुकलं तर माणूस जातंय. हिला ४३ मार्क हैत." तेव्हापासनं ती गप्प आहे. फॉर्मचा विषय काढला की उठून आत जाते.

जे या कामात आहेत त्यांनी स्पष्ट सांगा. खोटा धीर नको. झेपणार नसेल तर आत्ताच कळलेलं बरं.

कागलकर

मुलीचं अभिनंदन. माझी चुलत बहीण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली नर्स आहे, तिला दहावीला गणितात ३८ होते. चौदा वर्षं झाली नोकरीला. बाकी जाणकार सांगतीलच. वाचतोय.

नाईट_ड्यूटी_सिस्टर

दादा, मी बावीस वर्षं वॉर्डात आहे. तुमच्या मेहुण्यांनी खोटं सांगितलं नाही, पण अर्धंच सांगितलं.

गणित लागतं, रोज लागतं. पण कुठलं? बीजगणिताची समीकरणं, भूमितीची प्रमेयं, यातलं काही मला बावीस वर्षांत एकदाही लागलेलं नाही. लागतं ते सातवीपर्यंतचं. गुणाकार-भागाकार, दशांश चिन्ह, टक्के, त्रैराशिक. आणि ग्रॅमचे मिलिग्रॅम, मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम.

एक रोजचं उदाहरण देते. डॉक्टरांनी लिहिलं, ५०० मिली सलाईन ८ तासांत. साध्या आयव्ही सेटला, म्हणजे सलाईनच्या नळीला, १ मिलीचे २० थेंब पडतात, पाकिटावर छापलेलं असतं. ५०० × २० म्हणजे १०,००० थेंब. ८ तासांची ४८० मिनिटं. भाग दिला की २०.८, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. गणित इथं संपलं. मग मी चेंबर (नळीवरची थेंब पडतात ती डबी) डोळ्यांच्या रेषेत घेते, सेकंदकाट्याचं घड्याळ शेजारी धरते आणि १५ सेकंद मोजते. पाच थेंब पडायला हवेत. सात पडले तर रोलर जरा आवळायचा, तीन पडले तर सैल करायचा. पेशंटनं कुशी बदलली, हात दुमडला की वेग बदलतो, म्हणून दर फेरीला पुन्हा मोजायचं.

लहान मुलांना मायक्रोड्रिप सेट लावतात. त्यात १ मिलीचे ६० थेंब आणि तासाची मिनिटंही ६०. म्हणजे तासाला जितके मिली, तितकेच मिनिटाला थेंब. तासाला ३० मिली हवं असेल तर मिनिटाला ३० थेंब. काही करायचंच नाही. शिकाऊ मुलींना हे सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आयटी_शाहूपुरी

माफ करा, पण हे सगळं आता जुनं झालं नाही का? ठरलेल्या वेगानं औषध सोडणारे इन्फ्युजन पंप आहेत, मोबाइलवर कॅल्क्युलेटर आहे, डोस काढून देणारी अॅप आहेत. नर्सनं माणुसकीनं वागावं, आकडेमोड मशीननं करावी. मुलीला गणिताची भीती घालू नका.

आयसीयू_ब्रदर

@आयटी_शाहूपुरी, भीती घालू नका हे शंभर टक्के मान्य. बाकीचं मान्य नाही. मी रोज पंपावरच काम करतो, तिथलंच सांगतो.

डोपामिन हे बीपी वाढवायचं औषध. त्याचा अँप्यूल (काचेची छोटी कुपी) ५ मिलीचा, त्यात २०० मिलिग्रॅम. तो ५० मिलीच्या सिरिंजमध्ये घेऊन सलाईननं एकूण ५० मिली केला, की १ मिलीत ४ मिलिग्रॅम. ऑर्डर असते "५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट". पेशंट ६० किलोचा. ५ × ६० = ३०० मायक्रोग्रॅम मिनिटाला. तासाला १८,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १८ मिलिग्रॅम. भागिले ४ म्हणजे तासाला ४.५ मिली. पंपावर ४.५ टाकायचं.

आता पहाटेचे चार वाजलेत, शेजारच्या बेडचा अलार्म वाजतोय आणि दशांशाचं बटण नीट दाबलं गेलं नाही. पंपावर ४५ दिसतंय. पंप ४५ नं सोडायला लागणार, त्याला काय माहीत पेशंटचं बीपी किती आहे ते. काही नव्या पंपांत वरची मर्यादा घालून ठेवता येते, पण तीही माणसानंच घालायची. ४५ बघून ज्याच्या पोटात धस्स होतं तो पेशंटला वाचवतो. ते धस्स होणं कॅल्क्युलेटरमधून येत नाही.

नाईट_ड्यूटी_सिस्टर

+१. आणि २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवा. पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, लाइट गेली, जनरेटरला डिझेल पुरवून पुरवून वापरायचं होतं. होते नव्हते तेवढे पंप आयसीयूत दिले. वॉर्डात आम्ही दोघी एका बॅटरीच्या उजेडात थेंब मोजत होतो. एकीनं बॅटरी धरायची, दुसरीनं मोजायचं. बदलीला येणाऱ्यांना रस्ताच नव्हता, म्हणून दोन दिवस त्याच दोघी. त्या वेळी मोबाइल चार्ज नव्हते, डोकं होतं.

आयटी_शाहूपुरी

पुराचं वाचून गप्प झालो, सिस्टर. पटलं. माझा मुद्दा मागे घेतो.

राजारामपुरी_वाली

मी नर्स नाही, आई आहे. पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मुलगा वर्षाचा होता, वजन बरोबर १० किलो. ताप होता म्हणून दोन दिवस एका दवाखान्यात होतो. घरी सोडताना घाईघाईत तोंडीच सांगितलं, "पॅरासिटामॉल ६ मिली द्या." कागदावर फक्त औषधाचं नाव आणि ६ मिली. कुठल्या बाटलीतलं, ते नाही.

घरी आधीची पॅरासिटामॉलच्या थेंबांची छोटी बाटली होती, १५ मिलीची. रात्री अकराला ताप चढला. मी ड्रॉपर काढला, त्यावर खुणा १ मिलीपर्यंतच. म्हटलं सहा वेळा भरून द्यायचं. दुसऱ्यांदा भरताना हात थांबला. एवढ्याशा बाळाला जवळजवळ निम्मी बाटली? वॉर्डात फोन लावला. ज्या सिस्टरनं उचलला तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "बाटलीवर काय छापलंय ते जसंच्या तसं वाचा." मी वाचलं, १ मिलीत १०० मिलिग्रॅम. ती म्हणाली, "थांबा, देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेलं १२५ च्या सिरपचं आहे. ते ५ मिलीत १२५ असतं. तुमच्या हातातलं चौपट तीव्र आहे." डॉक्टरांना विचारून तिनं परत फोन केला, दीड मिली.

१५० मिलिग्रॅमऐवजी ६०० गेलं असतं. त्या फोनवरच्या सिस्टरला दहावीला किती मार्क होते मला माहीत नाही. पण ज्यांनी कागदावर बाटलीची ताकद लिहिली नाही त्यांचा राग आजही आहे, आणि तिचा आवाज आजही लक्षात आहे.

ट्यूटर_ताई

राजारामपुरीताई, तुमचा अनुभव उद्या वर्गात सांगणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

मी नर्सिंग शिकवते. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते.

प्रवेशाला गणित लागत नाही. बीएस्सी नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. आपल्या राज्याच्या सीईटीतही गणिताचा पेपर नाही, ते तुमच्या मुलीला माहीतच असेल. जीएनएम आणि एएनएमला (गावपातळीवरच्या नर्सचा कोर्स) तर कला शाखेतल्या मुलीही येतात. बीएस्सी चार वर्षांचं, जीएनएम तीन, एएनएम दोन.

अभ्यासक्रमात "गणित" नावाचा विषय नाही, पण गणित सगळीकडे सांडलेलं आहे. फार्माकॉलॉजीत डोस, न्यूट्रिशनमध्ये कॅलरी, प्रसूतीशास्त्रात तारखा, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षात संशोधन आणि सांख्यिकी. त्यात सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन येतं. तेवढ्यापुरतं बसून करावं लागतं, होतं.

मुली अडतात कुठे ते सांगते. सूत्र सगळ्यांना पाठ असतं: हवा असलेला डोस भागिले हाताशी असलेला डोस, गुणिले मिली. अडतात दशांशाला आणि एककाला. ०.२५ मिलिग्रॅम म्हणजे किती मायक्रोग्रॅम? दरवर्षी निम्मा वर्ग पहिल्या दिवशी २५ म्हणतो. २५० आहे. ही चूक हुशार मुलीही करतात, ९० वाल्याही करतात. फरक इतकाच की ९० वालीला आपण चुकू असं वाटतच नाही, म्हणून ती परत तपासत नाही. मला ४३ वाली घाबरट मुलगी चालते, ती तीनदा तपासते.

विज्ञाननिष्ठ

ट्यूटर ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून असहमत. माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर बारावीला गणित सक्तीचं का करू नये? पायलटला चालतं का गणित कच्चं? ज्यांना गणिताची भीती आहे त्यांनी दुसरं क्षेत्र निवडावं. कटू आहे, पण खरं आहे.

ट्यूटर_ताई

@विज्ञाननिष्ठ, तुमची काळजी योग्य आहे, उपाय चुकीचा आहे. बारावीच्या गणितात डेरिव्हेटिव्ह आणि मॅट्रिक्स आहेत. ते येणाऱ्या मुलीला सिरिंजवरची ०.४८ मिलीची खूण सापडेलच असं नाही. तुम्ही चाळणी लावाल ती चुकीच्या भोकांची. हवं ते असं की नर्सिंगमधल्या गणितात मात्र काठावर पास चालू नये. वॉर्डात दहापैकी चार डोस बरोबर काढणारी नर्स कुणाला हवी आहे?

मँचेस्टरची_पोरगी

हेच सांगायला आले. मी मूळची गडहिंग्लजची, इथे इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शेवटी औषधांच्या आकडेमोडीच्या परीक्षेत १०० टक्केच लागतात, ९९ चालत नाहीत. बाहेरून येणाऱ्यांना संगणकावर जी चाचणी द्यावी लागते तिचा पहिला भागच अंकगणिताचा, १५ प्रश्न, ३० मिनिटं. मी दहावीला गणितात काठावर होते. त्या ३० मिनिटांसाठी दोन महिने रोज पहाटे दहा उदाहरणं सोडवली. पाठांतर नाही केलं, हात बसवला.

धागाकर्ते दादा, मुलीला सांगा परदेशाची वाटही यानं बंद होत नाही.

उपकेंद्र_सिस्टर

आमचं बी ऐका. मी एएनएम, उपकेंद्रात. आमच्याकडं आयसीयू नाही की पंप नाही, तरी आकडा सुटत नाही. बीसीजी (क्षयाची लस) जन्मल्यापासनं महिन्याच्या आत दिली तर ०.०५ मिली, महिना उलटला की ०.१ मिली. व्हिटॅमिन ए नवव्या महिन्यात १ मिली म्हणजे १ लाख युनिट, पुढच्या डोसाला २ मिली म्हणजे २ लाख. गोवर-रुबेलाची बाटली पाणी घालून कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. मग सकाळीच मोजायचं, आज किती बाळं येणार, बाटली फोडू का अजून दोघींना बोलवून घेऊ. सुनेची शेवटची पाळी ऐकली की नऊ महिने अधिक सात दिवस. हे बोटावर करत्यात बाया.

माझं गणित शाळेत लय कच्चं. पण कामाचा आकडा जवळ आला की कळायला लागतं, समोर बाळ असतंय म्हणून.

रस्सावाला

सिस्टर, नाद खुळा प्रतिसाद! आमच्या गल्लीतला आचारी चौथीपर्यंत शिकलाय. दोनशे पानांचा तांबडा-पांढरा काढतो. मटणाला खोबरं किती, रश्शाला पाणी किती, तोंडी सांगतो. ऐन वेळी पन्नास पानं वाढली तरी चव हलत नाही. त्रैराशिकच की ते!

कागलकर

रस्सावाले, पांढऱ्याचं प्रमाण इथंच टाका आता, बाकी काही ऐकणार नाही.

रस्सावाला

वेगळा धागा काढतो, हा पोरीच्या करिअरचा आहे.

अडीचकी_गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त शिक्षक. सगळे प्रतिसाद वाचले आणि मन भरून आलं. आमच्या लहानपणी नुसते पाढे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळं पाठ करून घेत. अडीच एके अडीच, अडीच दुणे पाच, अडीच त्रिक साडेसात, अडीच चोक दहा. गुळाच्या अडत्याकडं दिवाणजी कागद न घेता हिशोब सांगायचा तो या जोरावर. पुढं ते सगळं काढून टाकलं आणि मुलांच्या हातात कॅल्क्युलेटर आला. या अपूर्णांकाच्या पाढ्यांचा नर्सिंगला काही उपयोग होईल का, हे जाणकारांनी सांगावं.

आयसीयू_ब्रदर

गुरुजी, होईल का काय, अडीचकीनं तर इन्सुलिन सांभाळलं जातं! आपल्याकडं इन्सुलिनच्या साध्या बाटलीत १ मिलीत ४० युनिट असतात, तिची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन पेनच्या काड्यांत (आतल्या औषधाच्या नळ्यांत) १ मिलीत १०० युनिट, त्या ताकदीची सिरिंज केशरी टोपणाची. १०० भागिले ४० किती? अडीच. कुणी पेनमधलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढलं आणि २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर पेशंटला २० नाही, ५० युनिट जातात. अडीच पट. साखर एकदम खाली, पेशंटला दरदरून घाम, नंतर बेशुद्धी. आणि उलटं केलं, ४० ची बाटली केशरी सिरिंजनं ओढली, तर २० च्या जागी फक्त ८.

आमच्याकडं म्हणूनच इन्सुलिन दोघांनी बघितल्याशिवाय द्यायचं नाही. बाटली, सिरिंज आणि आकडा, तिन्ही मोठ्यानं वाचायचं.

अडीचकी_गुरुजी

वीस अडीच पन्नास. साठ वर्षांपूर्वी म्हटलेला पाढा असा कामाला येतोय हे वाचून काय वाटलं सांगता येत नाही. ब्रदर, तुमचे आभार.

मिरजेची_माहेरवाशीण

धागाकर्त्यांनी खोटा धीर नको म्हटलंय म्हणून माझी स्वतःची चूक सांगते. आजवर फार थोड्यांना सांगितली आहे.

नोकरीचं पहिलं वर्ष, लहान मुलांचा वॉर्ड, पहाटेची वेळ. आठ किलोचं बाळ, अमिकासिन हे अँटिबायोटिक, १२० मिलिग्रॅम. व्हायल (औषधाची छोटी बाटली) ५०० मिलिग्रॅमची, २ मिलीची, म्हणजे १ मिलीत २५०. १२० भागिले २५० म्हणजे ०.४८ मिली. मी कागदावर केलं आणि दशांश एक घर सरकला. ४.८ मिली लिहिलं. एका व्हायलमध्ये २ मिलीच असतं, म्हणून कपाटातून आणखी दोन काढल्या. ट्रेमध्ये तीन व्हायल मांडल्या, एकीचं सील काढलं.

इन्चार्ज सिस्टर मागून आल्या. माझा कागद बघितलाच नाही त्यांनी. ट्रेकडं बघून एवढंच म्हणाल्या, "एका बाळाला तीन व्हायल?"

माझे हात गार पडले. त्यांनी मला ओरडलं नाही. खुर्ची दिली, कागद पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "आधी अंदाज सांग. पाचशेची व्हायल, बाळाला एकशेवीस. पाव व्हायलच्या आसपास यायला पाहिजे का नको? मग भाग दे." तेव्हापासून आजतागायत मी अंदाजाशिवाय एकही डोस काढलेला नाही. आकडा आला आणि अंदाजाशी जुळला नाही, की थांबायचं. एका माणसासाठी दोनपेक्षा जास्त अँप्यूल फोडावे लागत असतील, की थांबायचं. काही वेळा खरंच लागतात, पण विचारून खात्री करूनच.

दादा, तुमच्या मेहुण्यांची भीती खरी आहे. पण शून्य चुकण्यापासून ४३ मार्कवाल्यांना वाचवतं तेच ९५ वाल्यांना वाचवतं, दुसरं काही नाही.

ट्यूटर_ताई

हे लिहायला धैर्य लागतं, ताई. यात एक जोडते, लिहिण्याची शिस्त. ०.५ लिहायचं, नुसतं .५ कधीच नाही, तो टिंब दिसला नाही तर पाच होतात. आणि ५ लिहायचं, ५.० नाही, नाहीतर पन्नास वाचलं जातं. मायक्रोग्रॅम पूर्ण शब्दात लिहायचं, µg अशी खूण नाही. मी वहीत चुकीचं टिंब दिसलं की अख्खं उदाहरण पुन्हा करायला लावते. मुली चिडतात, चिडू देत.

जाता जाता, ज्यांना वाटतं नर्स आणि आकडे यांचा संबंध नाही, त्यांनी फ्लोरेन्स नाइटिंगेलबद्दल वाचावं. हातात दिवा घेतलेलं चित्र सगळ्यांना माहीत आहे. पण क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले हे तिनं १८५८ मध्ये गोल आकृती काढून सरकारला दाखवलं. लंडनच्या सांख्यिकी संस्थेची ती पहिली स्त्री सदस्य. १२ मेला आपण तिचा वाढदिवस परिचारिका दिन म्हणून साजरा करतो, त्या दिवशी ती आकृती मी फळ्यावर काढते.

अडीचकी_गुरुजी

धागाकर्ते, एक विचारू? तुम्ही दूध संकलनाचं काम करता. मुलगी कधी हाताशी असते का?

दूधसंकलन_करवीर (धागाकर्ता)

गुरुजी, असते की. सुट्टीत रोज पहाटे साडेपाचला माझ्यासोबत असते. ती दूध ओतून घेते, नमुना काढते, मशीनवर फॅट लावते, मी लिहितो. लाइट नसली की काटा-मशीन बंद, मग दरपत्रक बघून हातानं हिशोब. तो तीच करते. साडेचार लिटर, पन्नासचा दर, सव्वादोनशे, असं तोंडानं म्हणत लिहिते.

आणि आत्ता लिहिताना आठवलं. गेल्या पावसाळ्यात मी घाईत एकाच्या नावावर सव्वादोनशेच्या जागी २२५० लिहिलं होतं. वही बंद करणार, तेवढ्यात ही म्हणाली, "आप्पा, एका म्हशीच्या एका वेळच्या दुधाचं एवढं पैसं कुठलं? शून्य जादा पडलंय."

मिरजेची_माहेरवाशीण

दादा! हेच. माझ्या इन्चार्ज सिस्टरनी ट्रे बघून जे म्हटलं ते तुमच्या लेकीनं वही बघून म्हटलं.

नाईट_ड्यूटी_सिस्टर

तिला हे सगळं वाचायला द्या. आज रात्रीच.

विज्ञाननिष्ठ

धागाकर्त्यांचा प्रतिसाद वाचला. सक्तीचं मी म्हणालो ते इथं लागू पडत नाही, हे कबूल करतो. नर्सिंगच्या आत १०० टक्क्यांची परीक्षा हवी, हे मँचेस्टरच्या ताईंचं मात्र मनापासून पटलं. ते आपल्याकडंही व्हावं.

ट्यूटर_ताई

तिला एक उदाहरण देते, जमलं तर इथं उत्तर लिहायला सांगा. सेफ्ट्रिऍक्झोन या अँटिबायोटिकची १ ग्रॅम पावडरची व्हायल. विरघळवून एकूण १० मिली केलं. बाळ १२ किलोचं, ऑर्डर किलोला ५० मिलिग्रॅम. किती मिली ओढशील? पण आधी अंदाज.

दूधसंकलन_करवीर (धागाकर्ता)

मी मुलगी लिहितेय, आप्पांच्या अकाउंटवरून. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

आधी अंदाज: बारा पन्नास सहाशे. व्हायल हजारची. म्हणजे निम्म्यापेक्षा थोडं जास्त, पाचाच्या वर आणि सातच्या आत यायला पाहिजे. मग १० मिलीत १००० म्हणजे १ मिलीत १००, आणि ६०० ला ६ मिली.

एक शंका आहे. पावडर १ ग्रॅम आणि पाणी १० मिली घातलं तर एकूण १० पेक्षा जास्त होईल ना? गूळ घातला की पाण्याची पातळी वर येते तसं. मग १ मिलीत १०० राहणार नाहीत, थोडे कमी पडतील. बरोबर आहे का?

ट्यूटर_ताई

उत्तर बरोबर. आणि शंका त्याहून बरोबर. म्हणूनच मी "एकूण १० मिली केलं" असं लिहिलं होतं, "१० मिली पाणी घातलं" असं नाही. पावडर जागा घेते. या औषधाच्या १ ग्रॅमला ९.६ मिली पाणी घातलं की साधारण १ मिलीत १०० मिलिग्रॅम मिळतं. प्रत्येक औषधाचा आकडा वेगळा, म्हणून माहितीपत्रक वाचायचं, अंदाजानं पाणी घालायचं नाही. मोठ्या माणसाला पूर्ण व्हायल द्यायची असेल तर यानं फरक पडत नाही, बाळाला अर्धी-पाऊण द्यायची असेल तर पडतो. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकवते, आणि शंका विचारणारी मुलगी वर्गात दोन वर्षांतून एखादी भेटते.

आयसीयू_ब्रदर

गुळाचं उदाहरण कोल्हापूरचीच पोरगी देणार.

दूधसंकलन_करवीर (धागाकर्ता)

परत मी, आप्पा. काल रात्री जेवताना फॉर्मचा विषय तिनंच काढला. मामाला फोनही तिनंच लावला. शनिवारी कागदपत्रं घेऊन शहरात येतोय. नॉन-क्रिमीलेअर अजून काढायचं राहिलंय, त्याला किती दिवस लागतात?

कागलकर

शनिवारची वाट बघू नका, उद्याच सेतूत अर्ज टाका. प्रवेशाच्या दिवसांत गर्दी असते. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला सोबत असू द्या, आणि झेरॉक्सच्या दोन प्रती जास्त काढा.